उंबरठ्याबाहेर आलेली श्रद्धा

“देव मनात असला म्हणजे झालं, चारचौघांत कशाला दाखवायचा?” हे वाक्य आपण सगळ्याच जणी कधी ना कधी ऐकतो, नि मानही डोलावतो. पण जरा विचार करून पाहा. आषाढीला खांद्यावर पताका घेऊन निघालेल्या वारकऱ्याला आपण असं विचारत नाही. दारात रांगोळी, कपाळाला कुंकू, गुढीपाडव्याला गुढी, हे सगळं चारचौघांतच असतं की! प्रश्न विचारला जातो तो संख्येनं थोडे असतात त्यांना. बहुतेकांची श्रद्धा हवेसारखी असते, ती असून दिसत नाही. थोड्यांची श्रद्धा मात्र लगेच नजरेत भरते.

आमच्या नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती बाईला हे रोजचंच आहे. (आपल्या जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं. मी जुन्या गोष्टी सांगणार आहे, म्हणून जुनंच नाव लिहिते.) शेजारीण हळदीकुंकवाला बोलावते. जावं की नाही? गेलं तर कुंकू लावून घ्यावं की नाही? प्रसाद पुढे आला तर काय करावं? रविवारी सकाळी शेजारपाजारच्या बायका निवांत असतात, तेव्हा ही मुलांना आवरून उपासनेला निघालेली असते. म्हणजे काही न बोलताही तिची श्रद्धा उंबरठ्याबाहेर आलेलीच असते. ती लपवता येत नाही नि मिरवायचीही नसते. मग ती जगायची तरी कशी?

मी आठवड्यातून काही तास शाळेत मराठी शिकवते. तिथं नव्यानं आलेल्या एक बाई मला अगदी सरळ मनानं म्हणाल्या, “अहो, तुम्ही ख्रिश्चन, मग मराठी इतकं चांगलं कसं हो?” मला हसू आलं. ज्यांना सारा महाराष्ट्र ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणतो, ते रेव्हरंड नारायण वामन टिळक नगरलाच राहिले. आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांचं ‘स्मृतिचित्रे’ हे मराठीतलं एक श्रेष्ठ आत्मचरित्र मानलं जातं. श्रद्धा उघडपणे कशी जगावी, आणि देवाची योजना मानायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला कुठल्या प्रवचनापेक्षा लक्ष्मीबाईंकडून जास्त कळलं. म्हणून आज त्यांच्याविषयीच लिहिते. तुम्ही कुठल्याही धर्माच्या असा, त्या तुम्हाला आपल्यातल्याच वाटतील.

नगरची माती

आधी थोडं नगरविषयी. अमेरिकन मराठी मिशनचे लोक नगरला आले ते १८३१ च्या डिसेंबरात. ‘ज्ञानोदय’ हे मराठी नियतकालिक १८४२ मध्ये नगरलाच सुरू झालं. सिंथिया फॅरार या अविवाहित अमेरिकन बाई १८२७ मध्ये मुंबईला उतरल्या नि १८३९ मध्ये नगरला आल्या. मुलींना शिकवायचं हेच त्यांचं काम. १८६२ मध्ये नगरलाच त्यांनी देह ठेवला. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचं शिक्षण घेतलं त्यात फॅरारबाईंच्या इथल्या संस्थेचा वाटा होता. म्हणजे पुण्याच्या शाळेत सावित्रीबाईंनी जो खडू हातात धरला, त्याचं थोडं बळ नगरचं होतं म्हणायचं!

या मिशनच्या मंडळ्यांत पुढे जे लोक आले, त्यांतले पुष्कळसे त्या काळी गावकुसाबाहेर ठेवलेल्या जातींतले होते. काही थोडे ब्राह्मणही आले. दोघांनाही त्याची किंमत मोजावी लागली, पण ती वेगवेगळी. एकाला गावाच्या कामातून, विहिरीवरून, वतनावरून त्रास. दुसऱ्याला घरच तुटायचं. टिळकांचं घर असंच तुटलं.

नवऱ्याचा निर्णय, बायकोचं घर

टिळक १८६१ मध्ये कोकणात जन्मले. लक्ष्मीबाई माहेरच्या मनकर्णिका गोखले. जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडिलांना सोवळ्याओवळ्याचं विलक्षण वेड होतं, आणि त्या वेडापायी घरातल्या बायकामुलांचे किती हाल झाले ते लक्ष्मीबाईंनी हसत हसत लिहून ठेवलं आहे. शाळा त्यांनी पाहिली नाही. वयाच्या बाराव्या वर्षाच्या आतच १८८० मध्ये लग्न झालं. नवरा कवी, उदार, रागीट नि एका जागी न टिकणारा. आज या गावी तर उद्या त्या गावी!

१८९३ मध्ये टिळक आगगाडीनं राजनांदगावला निघाले होते. डब्यात एका गोऱ्या गृहस्थाशी गप्पा झाल्या. त्या गृहस्थानं जाताना बायबलचा नवा करार त्यांच्या हाती दिला नि म्हटलं की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळक वाचत गेले, वाद घालत गेले, आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. गाडीतला तो गृहस्थ पुन्हा त्यांना भेटलाच नाही. टिळकांना यात देवाचा हात दिसला.

पण मैत्रिणींनो, त्याच घटनेकडे लक्ष्मीबाईंच्या बाजूनं पाहा. वय सव्वीस. पदरात लहानगा दत्तू. नवरा हयात आहे, पण आता त्याच्या हातचं पाणी चालत नाही. सवाष्ण म्हणून कुंकू आहे, पण संसार नाही. लोक कीव करायचे ते वेगळंच. माहेरच्या नातलगांनी, विशेषतः बहिणीनं नि मेव्हण्यांनी आधार दिला. नाशिक, पंढरपूर असे दिवस निघाले. नवऱ्यानं देवाची हाक ऐकली, पण त्या हाकेची किंमत बायकोनं मोजली. हे नजरेआड करून श्रद्धेच्या गोष्टी सांगणं बरं नव्हे. एकाच्या त्यागात दुसऱ्याचा संसार भरडला जाऊ शकतो, आणि भरडली जाते ती बहुधा बाईच.

त्या काळचा कायदाही सांगते. १८५० च्या कायद्यानं धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाणार नाही असं ठरलं होतं. आणि १८६६ चा असा कायदा होता की, ख्रिस्ती झालेल्या माणसाचा जोडीदार त्या कारणानं नांदायला तयार नसेल तर त्याला कोर्टात जाऊन लग्नातून मोकळं होता येई. म्हणजे टिळकांना वाट मोकळी होती. ती त्यांनी धरली नाही. पत्रं पाठवली, भेटायला येत राहिले, वाट पाहत राहिले. माझ्या मते टिळकांच्या श्रद्धेचा सगळ्यात मोठा उघड पुरावा हाच. व्यासपीठावरची व्याख्यानं त्यानंतर!

तिचं पाऊल तिच्या वेळेनं

पुढे लक्ष्मीबाई नवऱ्याकडे नगरला आल्या. पण आल्या म्हणजे लगेच ख्रिस्ती झाल्या असं नाही हं! त्यांनी आपलं सोवळं जपलं. आपली चूल वेगळी, पाणी वेगळं. एका छताखाली नवरा ख्रिस्ती नि बायको ब्राह्मण. आजूबाजूच्या लोकांना हे चमत्कारिक वाटत असणार. टिळकांनी मात्र जबरदस्ती केली नाही.

मग राहुरीच्या दिवसांत एक विचार लक्ष्मीबाईंच्या मनात घोळू लागला. माणसामाणसांतली ही जात देवानं केली की माणसानं? उत्तर त्यांना स्वतःलाच सापडलं. देवानं केलेले भेद वेगळे. हा भेद माणसाचा आहे. एकदा हे पटलं नि त्यांनी सगळ्यांच्या हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. जिच्या वडिलांनी सोवळ्यापायी आयुष्य घालवलं त्या मुलीनं! ज्या बाईनं वर्षानुवर्षं वेगळी घागर भरली तिनं! यानंतर १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या क्रमाकडे लक्ष द्या. आधी त्यांनी ताटातला भेद सोडला, मग धर्माचं नाव बदललं. नवरा म्हणतो म्हणून नाही, पोटापाण्यासाठी नाही, कुणी भीती घातली म्हणून नाही. स्वतःच्या डोक्यानं विचार करून, स्वतःच्या वेळेनं. आपल्याकडे बायकोचा देव तो नवऱ्याचा देव असं गृहीतच धरतात. सासरी गेलं की कुलदैवतसुद्धा बदलतं! अशा समाजात लक्ष्मीबाईंनी पाच वर्षं ‘मला अजून पटलेलं नाही’ असं म्हटलं, आणि पटलं तेव्हा कुणालाही न भिता पाऊल उचललं. थांबणं नि चालणं दोन्ही त्यांचं स्वतःचं होतं, म्हणून ते टिकलं.

श्रद्धेची परीक्षा कुठे झाली?

व्याख्यानात नाही. प्लेगच्या छावणीत झाली.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी प्लेग नि दुष्काळ दोन्ही हातात हात घालून आले. छप्पनच्या दुष्काळाच्या आठवणी आपल्या आजी-पणजी सांगायच्या, तो १८९९-१९०० चा. मिशनच्या आश्रयाला कितीतरी अनाथ मुलं आली. नगरला प्लेग शिरला, वसतिगृहातल्या मुलींना लागण झाली. त्यांना गावापासून दूर ठेवायचं ठरलं. पण त्यांच्याजवळ राहणार कोण? लोक घरदार सोडून रानात पळत होते असे ते दिवस! लक्ष्मीबाई पुढे झाल्या नि त्या मुलींबरोबर राहायला गेल्या. त्या काही शिकलेल्या नर्स नव्हत्या. पाणी पाजायचं, कपडे धुवायचे, रात्री उशाशी बसायचं, धीर द्यायचा. सोवळं गेलं ते असं कामी आलं.

घरीही तेच. टिळकांच्या हातात पैसा ठरत नसे. पाहुणे, विद्यार्थी, अनाथ मुलं यांनी घर भरलेलं. बालकवी ठोमरे म्हणून ज्यांच्या कविता आपण शाळेत शिकलो, ते त्र्यंबक बापूजी ठोमरे टिळकांच्या नगरच्या घरी राहिले. ते ख्रिस्ती झाले नाहीत, नि त्यासाठी त्यांचं ताट कुणी मागे ओढलं नाही. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. उघडपणे ख्रिस्ती असलेल्या घरात एक हिंदू कवी घरच्या मुलासारखा राहतो, वाढतो. श्रद्धा उघड असावी ती अशी. दार सताड उघडं, पण आत येणाऱ्याच्या पायात बेडी नाही.

आणि टिळकांनी आपली भाषा सोडली नाही. अभंग, ओवी, भजन, कीर्तन हे सगळं त्यांनी नव्या श्रद्धेत आणलं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. आजही मराठी मंडळ्यांत टिळकांची गीतं टाळ-पेटीवर म्हटली जातात. धर्म बदलला म्हणून आईची बोली बदलावी लागत नाही, हे त्यांनी दाखवून दिलं. शाळेतल्या त्या बाईंच्या प्रश्नाचं खरं उत्तर हेच!

देवाची योजना म्हणजे काय?

“देवाच्या मनात असेल तसं होईल.” हे वाक्य आमच्या घरांत दिवसातून दहादा निघतं. दुसऱ्या घरांत ‘प्रारब्ध’ म्हणतात, ‘पांडुरंगाची इच्छा’ म्हणतात, ‘अल्लाची मर्जी’ म्हणतात. पण या वाक्याचे दोन अर्थ होतात. एक, हातपाय गाळून बसायचं. दुसरा, आपल्या वाट्याचं काम करायचं नि उरलेलं त्याच्यावर सोडायचं. लक्ष्मीबाईंनी दुसरा अर्थ जगून दाखवला.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली. पंचावन्नी ओलांडलेली, साठवलेला पैसा नाही. त्यांना ‘देवाचा दरबार’ काढायचा होता. त्यात बाप्तिस्मा घेतलेले नि न घेतलेले, येशूला मानणारे सगळेच यावेत अशी कल्पना. त्यासाठी नगरचं घर उठलं नि साताऱ्याला बिऱ्हाड गेलं. दोन वर्षंही झाली नाहीत तोच, ९ मे १९१९ ला टिळक मुंबईत वारले. दरबार बसण्याआधीच राजाचा भाट गेला! आता या घटनेत देवाची योजना कुणी कशी दाखवावी?

टिळकांचं एक काम तर अगदी अर्ध्यावर राहिलं होतं. १९०९ मध्ये त्यांनी ‘ख्रिस्तायन’ हे येशूच्या चरित्राचं ओवीबद्ध महाकाव्य सुरू केलं होतं. सुमारे अकरा अध्याय लिहून झाले होते. पुढे काय? शाळेचं तोंड न पाहिलेल्या, जोडाक्षरांशी जन्मभर भांडलेल्या लक्ष्मीबाई लिहायला बसल्या. एक नाही, दोन नाही, त्यांनी चौसष्ट अध्याय लिहिले! २४ फेब्रुवारी १९३६ ला त्या गेल्या तेव्हा एकच राहिला होता. तो मुलानं, देवदत्तांनी पुरा केला. १९३८ मध्ये शहात्तर अध्यायांचं पुस्तक निघालं. आणि याच सुमारास, १९३४ पासून, त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’चे भाग लोकांच्या हाती पडू लागले होते. त्या पुस्तकावर विजया मेहता यांनी १९८० च्या दशकात चित्रपटही केला.

१८९५ मध्ये, दत्तूला कुशीत घेऊन रडणाऱ्या त्या सव्वीस वर्षांच्या बाईला कुणी सांगितलं असतं की, “रडू नकोस, यात देवाची योजना आहे, तू पुढे मोठी लेखिका होणार आहेस,” तर तिनं काय केलं असतं? मी तिच्या जागी असते तर सांगणाऱ्याला दाराबाहेर काढलं असतं! योजना ही पुढे पाहून दिसत नाही, मागे वळून दिसते. आणि ती ज्याची त्यालाच दिसावी लागते. म्हणून दुसऱ्याच्या दुःखात हे वाक्य आपण बोलू नये. ज्या घरात मूल गेलं, जिथं नवरा सोडून गेला, तिथं “देवाच्या मनात असेल” म्हणण्यापेक्षा पिठलं-भाकरीचा डबा पोचवावा, मुलं दोन तास आपल्याकडे आणावीत. देवाची योजना कधी कधी शेजारणीच्या डब्यातूनच येते.

आणखी एका बाईंची आठवण इथे होते. पंडिता रमाबाई. त्यांचं केडगाव म्हणजे आपलं नगरचं उपनगर नव्हे बरं का, ते दौंडजवळचं, पुणे जिल्ह्यातलं. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी ‘शारदासदन’ काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. १८९३ मध्ये मुलींच्या धर्मांतराच्या शंकेनं पुण्यात वादळ उठलं नि कितीतरी पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई खचल्या नाहीत. दुष्काळात वाऱ्यावर पडलेल्या शेकडो बायकामुलींना त्यांनी केडगावच्या ‘मुक्ती’त आणलं, त्यांना शिवण, विणकाम, छपाई शिकवली. स्वतः हिब्रू नि ग्रीक शिकून सगळं बायबल सोप्या मराठीत आणलं. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. पुढच्याच वर्षी, ५ एप्रिल १९२२ ला, त्याही गेल्या. मधल्या त्या काही महिन्यांत त्यांनी भाषांतराचं काम सोडलं नाही. त्यांच्याही बाबतीत विश्वास म्हणजे हातातलं काम.

आजच्या घरात

आता तुम्ही म्हणाल, ही सगळी जुनी माणसं. आज काय? आजही प्रश्न आहेतच, फक्त त्यांचं रूप बदललं आहे.

सगळ्यात अवघड प्रश्न कागदाचा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीच्या सवलती सुरुवातीला फक्त हिंदूंसाठी होत्या. १९५६ मध्ये त्यांत शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती नि मुसलमान आले नाहीत. म्हणजे पूर्वी गावकुसाबाहेर राहिलेल्या ज्या घरानं ख्रिस्ती धर्म घेतला, त्याची गरिबी नि त्याच्याकडे पाहण्याची गावाची नजर तीच राहिली, पण सवलत मात्र गेली. अशा घरात मुलाचा शाळेचा दाखला लिहायची वेळ येते तेव्हा आईवर काय प्रसंग येतो ते विचारू नका. कागदावर एक नि घरात एक, अशी दोन आयुष्यं काही जणांना जगावी लागतात. त्यांच्या श्रद्धेला कमी म्हणायची माझी छाती नाही. ज्यांनी खरं ते लिहिलं नि फी भरायला मंगळसूत्र गहाण टाकलं, त्यांना नमस्कार. ज्यांना तसं करणं परवडलं नाही, त्यांच्यावर बोट रोखण्याआधी त्यांच्या चुलीकडे पाहावं.

दुसरा प्रश्न घरातल्या एकाचीच श्रद्धा बदलली तर काय, हा. ही वेळ कुठल्याही धर्माच्या घरावर येऊ शकते. म्हणून दोन गोष्टी माहीत असू द्या. राज्यघटनेच्या २५ व्या कलमानं सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता नि आरोग्य यांना बाध न आणता आपला धर्म मानायचा, आचरायचा नि सांगायचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. नवऱ्याला आहे तसा बायकोलाही. आणि नवऱ्यानं किंवा बायकोनं धर्म बदलला म्हणून लग्न आपोआप मोडत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखाली दुसऱ्या जोडीदाराला घटस्फोट मागता येतो, पण मागायलाच हवा असं नाही. नवऱ्यानं हिंदू धर्म सोडला तर हिंदू पत्नीला वेगळं राहून पोटगी मागायचा हक्क १९५६ च्या कायद्यानं दिला आहे. लक्ष्मीबाईंना यातलं काहीच नव्हतं. त्यांना होता तो बहिणीचा आधार.

तिसरा प्रश्न रोजचा, शेजाराचा. त्यावर माझ्या पाहण्यातल्या काही गोष्टी सांगते.

शेजारणीनं बोलावलं तर जावं. कुंकू लावायचं नसेल तर हसून, हळू आवाजात आधीच सांगावं, “मी नाही लावत हो, पण ओटीतलं फूल द्या ना!” सांगण्याची रीत गोड असली की कुणाला राग येत नाही. ऐन वेळी हात झिडकारला तर मात्र दोघींचंही मन दुखावतं. आणि बोलावणारीनंही आग्रह धरू नये. एखादीच्या ‘नाही’लाही मान असतो.

नाताळात आपल्या घरच्या करंज्या, शेव, डोनट शेजारी जातात. त्यांच्याबरोबर धर्माची पत्रकं नकोत. कुणी विचारलं तर मात्र आपण का मानतो ते सरळ सांगावं, लाजू नये. न विचारता सांगणं नि विचारल्यावर लपवणं, दोन्ही टाळावं.

मुलांना दुसऱ्याच्या देवाची थट्टा करू देऊ नये. घरात मोठी माणसं जे बोलतात तेच मूल शाळेच्या मधल्या सुट्टीत बोलतं, हे मी शिक्षिका म्हणून खात्रीनं सांगते.

श्रद्धा दाखवायचीच असेल तर ती हिशेबात दाखवावी. कामवाल्या मावशींना पगार वेळेवर द्यावा, भिशीचा पैसा चोख ठेवावा, भाजीवालीचे सुटे दोन रुपये बुडवू नयेत. जो देव रविवारी मोठ्या आवाजात गायला, तो सोमवारी बाजारात मुका होऊ नये.

आणि सेवेची संधी आली की पुढे व्हावं. नगरचं सॅल्व्हेशन आर्मीचं बूथ हॉस्पिटल आपल्याला ठाऊकच आहे. २०२० मध्ये कोरोना आला, माणूस माणसाजवळ जायला भीत होता, तेव्हा तिथं कोरोनाच्या रोग्यांवर उपचार चालू होते. रोग्याचा धर्म कुणी विचारला नाही, नि उपचार करणाऱ्याचाही रोग्यानं विचारला नाही. प्लेगच्या छावणीत लक्ष्मीबाई गेल्या होत्या, तीच वाट ही. आमच्या जिल्ह्यात श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते. तिथल्या गर्दीत हिंदू बायका नवस फेडायला येतात, ख्रिस्ती बायकांच्या शेजारी बसून मेणबत्ती लावतात. नगरच्या मातीला हे नवं नाही.

शेवटी एकच सांगते. देवाची योजना आपल्याला आधी वाचायला मिळत नाही. आपल्या हातात येतो तो एकेक अध्याय, तोही कोरा. लक्ष्मीबाईंनी ‘स्वयंपाक आटोपला की बसते’ अशा बेतानं चौसष्ट अध्याय लिहिले असतील, कारण आपल्यासारखीच त्यांनाही चूल होती, पाहुणे होते, नातवंडं होती. शेवटचा अध्याय आपल्या हातून होणार नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं. तरी त्यांनी आधीचे लिहिले. गावातल्या वाचनालयात ‘स्मृतिचित्रे’ नक्की असेल. दिवाळीचा फराळ संपला, मुलांची शाळा सुरू झाली, की दुपारच्या निवांत वेळी आणून वाचा. हसाल, डोळे पुसाल, नि पुस्तक मिटल्यावर आपल्या वाट्याच्या कोऱ्या पानाची भीती जरा कमी वाटेल.